बुटाचा नंबर आणि आपला पाय

शाळेच्या दारात, कॉलेजच्या आवारात, लग्नाच्या मांडवात आणि ईदच्या दिवशी ईदगाहबाहेर सध्या एक बूट हमखास दिसतो. घोट्याखाली थांबणारा, सपाट रबरी तळाचा, पुढून गोलसर, बहुधा पांढरा. दुकानदार त्याला ‘रेट्रो स्नीकर’ म्हणतात. कड घोट्याच्या खाली राहते म्हणून ‘लो-टॉप’. चाळिशी गाठलेल्या माणसाला तो पाहून आपला पीटीचा कॅनव्हासचा बूट आठवतो, शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी खडू घासून पांढरा केलेला. ही आठवण चुकीची नाही. दोघेही एकाच घराण्यातले आहेत.

रनाळ्यासारख्या गावातून असा बूट घ्यायचा म्हणजे नंदुरबारला नाहीतर दोंडाईचाला जावे लागते, किंवा मोबाईलवर मागवावा लागतो. नंतर शिक्षकाच्या कानावर एक प्रश्न वारंवार येतो. “सर, पोराचा नंबर सहा आहे, पण बूट चावतो. आता सात घ्यावा का?” प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बुटावरचा आकडा पक्का आहे आणि पोराचा पायच काहीतरी वेगळा आहे, असे आईबापांना वाटते. मोलमजुरीच्या घरात बुटांची एक जोडी ही मोठी खरेदी असते. ती बसली नाही तर पोरगा पाय ओढत चालतो, टाच मोडून बूट चपलेसारखा घालतो किंवा कोपऱ्यात फेकून देतो. म्हणून हा आकडा आला कुठून, हे एकदा नीट पाहून घेऊ.

आपल्याकडे वापरला जाणारा बुटाचा नंबर इंग्रजांचा आहे आणि त्याच्या मुळाशी आहे जवाचा दाणा. एका इंचात जवाचे तीन दाणे उभे, एकापुढे एक, मावतात हे इंग्रजांचे जुने माप. १३२४ मध्ये दुसऱ्या एडवर्ड राजाने ते ठरवून दिले, असे इंग्रजी परंपरा सांगते. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर गयासुद्दीन तुघलक होता. पुढे इंग्लंडच्या चांभारांनी हेच माप बुटाला लावले. एक नंबर वाढला म्हणजे एक जव, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. मोजणी सुरू होते ४ इंचांवर. तिथे लहान मुलांचा शून्य नंबर. तेथून १३ नंबरांपर्यंत गेले की मोजणी पुन्हा १ पासून सुरू होते आणि मोठ्यांचे नंबर लागतात. मुलाचा तेरा झाला की पुढच्या वर्षी त्याला ‘एक’ नंबर का लागतो, या कोड्याचे उत्तर हे आहे.

जवाने मोजणे ही काही एकट्या इंग्रजांची मिरास नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जवांचे एक अंगुळ होते. अरबी मापपद्धतीत जवाचे सहा दाणे आडवे लावले की एक बोट भरते आणि अशा चोवीस बोटांचा एक हात होतो. प्रवासाचे अंतर किंवा पाण्याच्या हौदाची लांबी-रुंदी सांगताना फिकहच्या किताबांत हीच गणना येते. दाणा सगळ्यांच्या शेतात होता. ज्याचे राज्य आले त्याचा दाणा बाजारात चालला, एवढेच.

युरोपने आपले वेगळे माप धरले. तिथला एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. त्यामुळे ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ११ इंच, साधारण २८ सेंटिमीटर, आणि युरोपीय ४२ नंबर म्हणजेही २८ सेंटिमीटर. अमेरिकेत हाच पुरुषांचा बूट साधारण ९ नंबरचा होतो. पण येथे एक मेख आहे. हे २८ सेंटिमीटर पायाचे माप नव्हे. ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फर्म्यावर बूट चढवून घडवतात, त्या फर्म्याची ती लांबी आहे. फर्मा पायापेक्षा दीड ते दोन सेंटिमीटर लांब ठेवावा लागतो, कारण चालताना बोटे पुढे सरकतात. किती लांब ठेवायचा हे प्रत्येक कारखाना आपल्या हिशेबाने ठरवतो. म्हणून एका कंपनीचा सात पायाला बसतो आणि दुसऱ्या कंपनीचा सात चावतो. आकडा तोच असला तरी फर्मा निराळा असतो.

या आकड्यात आणखी एक उणीव आहे. तो फक्त लांबी सांगतो. पाय पंजापाशी किती रुंद, वरून किती उंच, याबद्दल तो मुका असतो. परदेशात रुंदीसाठी वेगळी अक्षरे आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक याने पाय मोजण्याचे जे धातूचे उपकरण काढले, त्यात लांबी, रुंदी आणि टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर अशी तीन मापे घेता येतात. आपल्या बाजारात मात्र लांबीचा एकच आकडा चालत आला.

कारखान्याआधी आपल्याकडे काय होते? चांभार गिऱ्हाइकाचा पाय कातड्यावर किंवा कागदावर ठेवून भोवती रेघ मारत असे. नंबर नव्हताच. पाय हाच नंबर. कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला घट्ट लागते, मग तेल पिते, घाम पिते आणि काही दिवसांत त्या माणसाच्या पायाची होते. उत्तरेकडच्या जुतीत आणि मोजडीत तर पुष्कळदा डावा-उजवा हा भेदही नसे. पायच त्यांना घालून घालून डावे-उजवे करत. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पुष्कळ बूट असेच सरळ, बिनबाजूचे होते.

अर्थात हा जुना काळ सोन्याचा नव्हता. मापाचा जोडा ज्याच्या गाठीला पैसा त्यालाच मिळे. खानदेशातल्या आदिवासी पाड्यांवर आणि शेतमजुरांच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाय उघडेच राहिले. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण कोणाला उद्देशून वापरली जाई, हे वेगळे सांगायला नको. आणि ज्यांनी सगळ्यांच्या पायांची निगा राखली, त्या चर्मकारांनाच समाजाने उंबऱ्याबाहेर उभे केले.

जोडा हा मानाचा प्रश्न होता याचा एक दाखला आपल्या रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेला, सापडतो. १८६२ मध्ये माणकजी कावसजी एंटी हे पारशी गृहस्थ तिथल्या फौजदारी अदालतीत जोडे घालून गेले आणि वाद पेटला. साहेबांपुढे देशी माणसाने जोडे उतरवावेत, असा तेव्हाचा दंडक होता. १८५४ मध्ये सरकारने एक पळवाट काढली होती आणि १८६८ मध्ये ती आणखी रुंद केली. युरोपीय पद्धतीचे बूट घातले असतील तर पायात राहू द्यावेत, देशी जोडे असतील तर उतरवावेत, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे बंद, नाडीचा बूट घातला की तुम्ही साहेबाच्या जवळ आणि जुती-मोजडी घातली की उंबऱ्यापाशी. बुटाची आपल्याकडची इज्जत अशी हुकमाने वाढली. पाय त्यात सुखी आहे का, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

यानंतर रबर आले. १८३९ च्या सुमारास चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णतेने रबर पक्के करण्याची युक्ती सापडली आणि १८४४ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. पक्क्या रबराचा तळ, वर कापड आणि दोन्ही भट्टीत एकत्र भाजून चिकटवायचे. इथून कॅनव्हासच्या बुटाचा जन्म झाला. अमेरिकेत १९१७ मध्ये कॉन्व्हर्स कंपनीचा बास्केटबॉलचा ऑल स्टार बूट आला. तो घोटा झाकणारा होता. घोट्याखालचा अवतार १९५७ मध्ये आला. आपल्याकडे बाटा कंपनीने १९३१ मध्ये बंगालमध्ये पाय रोवला आणि त्याच दशकात टेनिस बूट शाळकरी मुलांच्या पायात आला. पुढे मुंबईच्या करोना कंपनीच्या बुटांनीही महाराष्ट्रात घरोघर जागा मिळवली. कारखान्याच्या बुटाने एक मोठे काम केले, ते कबूल केले पाहिजे. जात न विचारता, दुकानाच्या फळीवर, ठरलेल्या किमतीत बूट मिळू लागला. त्या बदल्यात पायाभोवतीची रेघ गेली आणि आकडा उरला.

आज रेट्रो म्हणून मिरवणारे बहुतेक बूट त्यांच्या काळचे खेळाडूंचे बूट आहेत. आदिदासचा सांबा गोठलेल्या मैदानावर फुटबॉल खेळता यावा म्हणून निघाला. त्याच कंपनीचा सुपरस्टार १९६९ चा, बास्केटबॉलचा. पुमाचा स्वेड १९६८ चा. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे काळे धावपटू कृष्णवर्णीयांची गरिबी जगाला दिसावी म्हणून नुसत्या काळ्या मोज्यांवर पदक घ्यायला गेले आणि स्मिथने आपला पुमाचा बूट काढून मंचावर ठेवला. आज तो बूट फॅशन म्हणून विकला जातो. त्याची मूळ घडण मात्र पन्नास-साठ वर्षांपूर्वीची आहे. तळ सपाट, आतली गादी पातळ, पायाच्या कमानीला आधार थोडा आणि अनेक नमुन्यांत पुढचा भाग चिंचोळा. नव्या कंपन्या जुन्या रूपाची नक्कल करतात तेव्हा जुन्या अडचणीही पुष्कळदा सोबत येतात.

चिंचोळेपणाची अडचण आपल्याला अधिक जाणवते आणि तिला आता मोजमापाचा आधार मिळाला आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. निष्कर्ष असा निघाला की भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद आहे. म्हणजे लांबीला बसणारा बूट आपल्याला रुंदीला आवळतो. मग आपण रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो आणि टाच मागे खळखळते. पुष्कळजण नाडी करकचून आवळतात आणि पायाचा वरचा भाग दुखवून घेतात. या मोजणीवरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती मांडण्यात आली. भा म्हणजे भारत. याच मोजणीतून मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी शिगेला पोहोचते, हेही पुढे आले. पाचवी ते दहावीच्या पोरांचे बूट वर्षाच्या आत का तोकडे होतात, याचे कारण त्यांचा वांडपणा नसून त्यांचे वय आहे.

हे सगळे समोर ठेवून बूट पारखायचा कसा?

पाय संध्याकाळी मोजा. दिवसभर चालून-उभे राहून पाय थोडा फुगतो आणि बूट त्या पायालाही बसला पाहिजे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, पेन्सिल उभी धरून सर्वांत पुढच्या बोटाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल तो धरा. चांभाराची जुनी रेघच आहे ही. मोबाईलवर मागवताना नंबरावर भरवसा न ठेवता तक्त्यातला सेंटिमीटरचा रकाना पाहा आणि ते माप पायाचे दिले आहे की बुटाच्या आतल्या लांबीचे, हे वाचून घ्या.

दुकानात असाल तर आतली गादी बाहेर काढा आणि तिच्यावर उभे राहा. पाय तिच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, किती का सुंदर असेना. गादी निघत नसेल तर बूट घालून, नाडी बांधून, उभे राहून पाहा. बसून पाहिलेले माप फसवते. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी. बोटे आत हलली पाहिजेत. अंगठ्यामागचा फुगीर सांधा बुटाच्या सर्वांत रुंद जागी यायला हवा आणि बूटही तिथेच वाकला पाहिजे. बूट हातात धरून वाकवून पाहा. मधोमध मोडत असेल तर परत ठेवा.

लो-टॉपमध्ये दोन जागा खास पाहायच्या. पहिली जागा घोट्याच्या हाडाची. बुटाची कड हाडाच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर ती रोज घासणार. दुसरी जागा टाचेची. घोट्याला वरून धरणारे काही नसल्याने सगळी पकड टाचेवर आणि नाडीवर असते. चार पावले फरशीवर चाला. टाच सुटून वर येत असेल तर नाडीने ते फार काळ लपणार नाही. नाडी बांधल्यावर छिद्रांच्या दोन्ही रांगा साधारण समांतर दिसाव्यात. एकमेकींना चिकटल्या तर बूट ढगळ आहे, फार फाकल्या तर तुमच्या पायाला तोकडा आहे.

“घातल्यावर सैल होईल” हे दुकानदाराचे वाक्य अर्धेच खरे आहे. चामडे रुंदीला थोडे सैलावते, लांबीला नाही. कॅनव्हास मऊ होते, पण फारसे ताणत नाही. रेक्झिनसारखे बनावट चामडे तर बहुधा जसेच्या तसे राहते. म्हणून अंगठा पुढे टेकत असेल तर कोणत्याही कापडाकडून उपकाराची आशा ठेवू नये.

आपल्या राहणीचाही विचार हवा. नाडीचा बूट अशा समाजात घडला जिथे तो सकाळी घालून रात्री काढतात. आपण घराच्या दारात काढतो, मशिदीच्या दारात काढतो, शेजारच्या ओट्यावर काढतो. दिवसातून पाच-सात वेळा. घाईत टाच दाबून पाय सरकवतो. दोन महिन्यांत मागची बाजू मोडते आणि मग जो बूट दुकानात नीट बसला होता तोच पायातून निसटू लागतो. ज्याला वारंवार बूट काढायचा आहे त्याने टाचेमागची बाजू टणक आहे का, हे अंगठ्याने दाबून पाहावे आणि घरात शूहॉर्न नसेल तर टाचेशी जुना चमचा लावावा. वुजू केल्यावर ओला पाय तसाच कॅनव्हासमध्ये घालू नये. बोटांच्या बेचक्यांत ओल राहते आणि तिथेच चिखल्या होतात. आणि घरात मधुमेहाचे वडीलधारे असतील तर त्यांच्यासाठी रूप दुय्यम. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला बूट चावतो हे कळतच नाही. कळते तेव्हा जखम झालेली असते.

शेवटचा मुद्दा जमिनीचा. १९३४ मध्ये कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंग क्लबने तिथली पहिल्या दर्जाची फुटबॉल लीग जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय क्लब, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने ती राखली. त्या काळात देशी खेळाडू अनवाणी खेळत आणि पावसाने मैदान ओले झाले की बूटवाल्या गोऱ्या पलटणींपुढे त्यांचे पाय घसरत. मोहम्मडनच्या खेळाडूंनी ओल्या मैदानासाठी बूट घालायची सवय लावून घेतली. कोरड्यात अनवाणी पायाची चपळाई, ओल्यात बुटाची पकड. अनवाणी राहण्याचा अभिमान नाही आणि बुटाचा सोसही नाही. मैदान पाहून ठरवायचे.

ही अक्कल आज आपल्या पोरांना हवी आहे. नंदुरबार जिल्ह्यातली किती तरी मुले-मुली पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीचा सराव करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि सेकंदा-सेकंदावर गुण ठरतात. त्यांतल्या कित्येकांच्या पायात हेच सपाट रेट्रो बूट असतात, कारण घरात बुटांची एकच जोडी असते. हे बूट कॉलेजला, बाजाराला, लग्नाला चांगले. डांबरी रस्त्यावर रोज धावायला नव्हेत. टाचेखाली मऊपणा नसल्याने नडगी आणि टाच दुखायला लागते आणि भरती तोंडावर आलेली असते. एकच जोडी परवडत असेल आणि पोरगा धावणारा असेल, तर साधा, बिननावाचा का असेना, धावण्याचाच बूट घ्यावा. तो कॉलेजला चालतो. उलटे चालत नाही.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात पोराला सोबत न्या आणि संध्याकाळी न्या. दोन्ही पायांत बूट घालू द्या, फरशीवर चालू द्या, दुकानदार कंटाळला तरी चालेल. नंबर किती ते सगळ्यात शेवटी विचारा.